दोघांना पुरेल एवढं रक्त

निलव्वा,

तुझं नाव असं सरळ घ्यायची मला सवय नाही. "ऐकलंस का", आणि गिरिजा झाल्यावर "गिरिजाची आई", एवढ्यावर आपला संसार झाला. आता ऐकायला तू नाहीस आणि मी नाव घेतो आहे. दुपारी सुताचं दुकान बंद करून घरी येतो, माडीवर चटई टाकून पडतो. शेजारच्या विणकरांचे माग एका लयीत चालू असतात. डोळे अर्धे मिटतात, आणि त्या खटखटीत कुठेतरी तुझं नाव आपोआप ओठांवर येतं.

ज्येष्ठ लागला तरी ऊन उतरलेलं नाही. खिडकीतून कापसाचे बारीक तंतू आत येतात आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहतात. ते वर जातात की खाली येतात, कळत नाही. मला वाटतं, तू जिन्याच्या मधल्या पायरीवर दम खायला थांबली आहेस. वर यायला तुला मागच्या वर्षी वेळ लागायचा. मी वाट बघत पडून राहतो. मग जाग येते, किंवा मी जागाच असतो, आणि आठवतं.

भेटायला लोक येतात. दाराशी चपला काढतात, आईजवळ, आपल्या अव्वाजवळ, बसतात, पाणी पितात. उठताना प्रत्येकजण तेच बोलतो. "आमाला वाटलं व्हतं..." आणि पुढचं तोंडातच ठेवतो. त्यांना काय वाटलं होतं ते मला ठाऊक आहे. साऱ्या कसब्याला तेच वाटत होतं. मी आधी जाणार. तुला तसं वाटत होतं, मलाही वाटत होतं. आपल्या दोघांचं ज्यावर एकमत होतं अशी ती बहुधा एकच गोष्ट.

आमच्या घरातले पुरुष छातीनं जातात, हे मला चालता येण्याच्या आधीपासून ठाऊक असावं. वडील क्षयानं गेले तेव्हा मी अव्वाच्या मांडीवर होतो. थोरले भाऊ, अण्णा, गेले तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. त्यांची खाट मागच्या पडवीत होती, आणि मला पडवीच्या उंबऱ्यापर्यंतच जायची परवानगी होती. उंबऱ्यावर बसून मी त्यांना दिवसभरातल्या गोष्टी सांगायचो. एकदा ते म्हणाले, "तुझी छाती रुंद आहे रे, तू वाचशील." आणि लगेच भिंतीकडे वळले. त्यांचा त्या बोलण्यावर विश्वास नव्हता हे मला तेव्हाही कळलं.

त्यानंतर अव्वानं मला काचेच्या भांड्यासारखं सांभाळलं. तालमीत जायचं नाही, देवळात भजनाला वरच्या सुरात गायचं नाही, तळ्यात उतरायचं नाही. थंडीत कधी साधा खोकला आला की घरातलं बोलणं थांबायचं. अव्वा हातातलं काम तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहायची. त्या बघण्याची मला इतकी सवय झाली की पुढे मीही स्वतःकडे तसाच बघू लागलो. आरशात नव्हे, आतून, कान लावून. मी आपल्याच घरात पाहुण्यासारखा राहत होतो, आणि पाहुणा कधी उठणार एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मला मुलगी कोण देणार? सोलापुरात तर कुणीच नाही. आमच्या सात पिढ्यांचा खोकला लोकांना पाठ होता. शेवटी अक्कलकोटच्या पुढून, तुमच्या गावाहून बोलावणं आलं. तुमच्याकडे आमची माहिती पोचली नसेल असं अव्वाला वाटलं. बैलगाडीत बसताना ती मला म्हणाली, "तितं खोकू नगंस."

ती दुपार मी इतक्या वेळा आठवली आहे की आता ती घडलेली आहे की स्वप्नातली, हे मला सांगता येत नाही. पिकलेली ज्वारी, त्यातून जाणारी पांढरी वाट, आणि वाटेच्या टोकाला तुमचं घर. ओट्यावर तुझी अज्जी बसलेली. वय तिचं तिलाच माहीत नव्हतं, पण पाठ अजून ताठ होती आणि ती म्हशीला स्वतः वैरण घालत होती, असं मला सांगण्यात आलं. तुझ्या वडिलांनी विषय काढायच्या आतच तिनं मला जवळ बोलावलं, शर्टावरून छातीवर हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याचा बाप खोकल्यानं गेला. भाऊ बी गेला. मला समदं ठाव हाय."

अव्वाचा चेहरा उतरला. तुझे वडील खाली बघू लागले.

"मग?" अज्जी म्हणाली. "आमच्या घरात कोण नव्वदीच्या आत जातंय? पोर द्या की. आमचं रगत दोगांना पुरंल."

दाराच्या आडून कुणीतरी हसलं. ती तू होतीस. मला फक्त कोपर दिसलं आणि हिरव्या बांगड्या.

तू आलीस ती हे रक्त घेऊनच आलीस. तुला त्याचा गर्व होता म्हणणं बरोबर नाही. तुला ते तुझ्या उंचीसारखं होतं, आहे तर आहे. आमच्या पडवीतली जुनी खाट तू पहिल्याच आठवड्यात अंगणात ओढून काढलीस आणि तिच्यावर मिरच्या वाळत घातल्यास. अव्वा हादरली. "अवो, खाटंनं काय केलंय?" तू म्हणालीस. खिडक्या उघडल्यास. मला गच्चीवर उघड्यावर झोपायला लावलंस, शेळीचं दूध पाजलंस. आणि रोज पहाटे, उजाडत असताना, तुझं डोकं माझ्या छातीवर. केसांना खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास. तू डोळे मिटून ऐकायचीस. मी श्वास रोखायचो.

"श्वास घ्या की हो. काय ऐकू मी?"

मी घ्यायचो. तू बराच वेळ ऐकायचीस, आणि उठताना म्हणायचीस, "न्हाय. आज कुणी आलेलं न्हाय."

जणू रोग हा एखादा पाव्हणा होता, आणि तू दारात उभी राहून त्याला परत पाठवत होतीस. त्या पहाटेच्या क्षणांना मी काय म्हणू? मला त्यांत भीती वाटायला हवी होती, रोज तीच परीक्षा. पण आकाश नुकतं राखाडी होत असायचं, गिरणीचा पहिला भोंगा व्हायचा, आणि तुझ्या डोक्याचं वजन छातीवर असायचं. त्या वजनाखाली मला इतकं सुरक्षित वाटायचं की मी पुन्हा झोपी जायचो.

अण्णा ज्या वयात गेले ते वय मी ओलांडलं त्या दिवशी तू गव्हाची खीर केलीस, तुमच्याकडची हुग्गी, भरपूर गूळ घालून. कशासाठी ते अव्वाला सांगितलं नाहीस. तिला कळलं होतं. तिनं वाटी घेतली आणि डोळ्यांना पदर लावून खाल्ली.

तेव्हापासून आपला तो वाद सुरू झाला. मला वाटू लागलं होतं की रोगाचं आणि घराण्याचं नातं आपण समजतो तेवढं पक्कं नसावं. दुकानात येणाऱ्या एका शिकलेल्या गिऱ्हाइकानं मला सांगितलं होतं की क्षयाचे जंतू असतात, ते थुंकीतून पसरतात, कुणालाही होतात. मी ते तुला सांगितलं.

"कुणाला बी?" तू भाकरी थापता थापता म्हणालीस. "मंग आमच्यात कुणाला का न्हाय झाला?"

"तुमचं गाव उघडं आहे. माणसं शेतात असतात."

"आन् तुमी सोलापुरात राहून कसे वाचलात?"

"तुझ्यामुळं," मी म्हणालो. तू हरखलीस आणि वाद जिंकल्यासारखी भाकरी तव्यावर टाकलीस. मला म्हणायचं होतं ते वेगळंच होतं. उघड्या खिडक्या, दूध, ऊन. तू मात्र रक्तच समजलीस. "रोगाला घर ठाव असतंय," तू म्हणालीस. "मुंगीला गूळ ठाव असतोय तसं."

मग तुला धाप लागू लागली. कधीपासून, ते मी आता ठरवायला बसतो आणि हाती काही लागत नाही. गेल्याच्या गेल्या संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मागून चालताना तू मध्येच एका ओट्यावर बसलीस. "गर्दी लई झालीया," म्हणालीस. मग जोडवी रुतू लागली. पायाची बोटं सुजून जोडव्यांच्या दोन्ही बाजूंनी वर आली होती. सोनाराला बोलावून ती कापून काढावी लागली. जोडवी कापणं अव्वाला फार अशुभ वाटलं, ती देवघरात जाऊन बसली. तू मोकळी बोटं हलवत हसत होतीस. "सोलापूरचं पाणी अंगाला लागलं बगा. जाड झाले मी."

मी डॉक्टरांकडे चल म्हणालो. परत म्हणालो. रागावूनही म्हणालो, आणि मी फारसा रागावत नाही हे तुला ठाऊक होतं.

"तुमचं घर खोकल्याचं," तू शांतपणे म्हणालीस. "माजं घर म्हाताऱ्यांचं. डागदर कुणाला लागतोय?"

मग तू आडवी झोपेनाशी झालीस. भिंतीला लोड लावून बसल्या बसल्या डोळा लावायचीस. विचारलं तर म्हणायचीस, "असं बसलं की तुमचा श्वास नीट ऐकू येतोय." आणि मी ते खरं मानलं असतं तरी चाललं असतं, इतकं ते गोड होतं. पण मी मानलं नाही. म्हणून मागच्या ज्येष्ठात मी माझंच निमित्त केलं. छातीत दुखतंय म्हणालो. पेठेतल्या डॉक्टरांना घरी बोलावलं, म्हणजे तू आसपास राहशील.

तुझी धांदल उडाली. तू खालून वर, वरून खाली, पाणी, पंचा, हात धुवायला तांब्या. डॉक्टरांनी नळी माझ्या पाठीला लावली. "श्वास घ्या. सोडा. घ्या." मग ते थांबले. नळी कानांतून काढली. खोलीत आवाज येतच होता.

"हा श्वास तुमचा नाही," ते मला म्हणाले, आणि दाराकडे वळले. दारात तू उभी होतीस, तांब्या घेऊन, जिना चढून आलेली. "बाई, तुम्ही बसा."

"मला काय झालंय? यांचं बगा की."

"यांचं बघून झालं. ठणठणीत आहेत. तुम्ही बसा."

अव्वा मध्ये आली, परक्या पुरुषानं सुनेला कसं तपासायचं म्हणून. तेव्हा डॉक्टरांनी नळीचं टोक तुझ्या हातात दिलं आणि पदराआडून कुठं धरायचं ते सांगितलं. तू ते धरलंस, माझ्याकडे बघत, डोळ्यांत हसू दाबून, जणू आपण एखादा खेळ खेळतो आहोत. डॉक्टर फार वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कधी मोठा ताप आला होता? सांधे सुजले होते?"

तुझा चेहरा उजळला. ही तर तुझी आवडती गोष्ट. "आला होता की! अख्खा पावसाळा हातरुणात होते. गुडघे ह्ये एवढाले. वैद्यानं आशा सोडलेली. आन् मग उठले ती थेट शेतात गेले. आमची अज्जी समद्यास्नी सांगायची, ही पोर लोखंडाची हाय."

डॉक्टरांनी नळी गुंडाळली. "त्याच तापानं तुमच्या हृदयातलं एक दार खराब केलं," ते म्हणाले. "ते नीट उघडत नाही. इतकी वर्षं ते तसंच ओढत आलं आहे."

तू त्यांच्या तोंडावर हसलीस. "आमच्यात असला रोग न्हाय."

जिन्याशी मी त्यांना विचारलं, हा घराण्यातून येतो का. ते म्हणाले, "काही जण हो म्हणतात, काही नाही म्हणतात. मला ठाऊक नाही. लेकराला असा ताप आला, सांधे दुखले, तर ताप गेला म्हणून त्याला उठू देऊ नका. एवढं मला ठाऊक आहे." मग थोडं थांबून ते म्हणाले, "बाईंना जिना नको. मीठ नको." जे बोलले नाहीत ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तू थेंबाचं औषध घेतलंस ते माझ्यासाठी. अळणी भाकरी खाल्लीस तीही माझ्यासाठी. विश्वास तुझा बसला नव्हता. श्रावणात पंचमीला तू माहेरी गेलीस, मला वाटलं तिथं जाऊन तू औषध फेकून देशील. पण तू परत आलीस ती वेगळी होऊन आलीस. संध्याकाळची वेळ होती. तू तुळशीजवळ बसलीस.

"आमच्यात बी माणसं मेली हो," तू म्हणालीस. "लहान वयात. अज्जीची एक बहीण होती. तिला चालवत नव्हतं, बसून झोपायची म्हणं. आत्यानं सांगितलं. मी म्हणलं, नाव काय तिचं? तर आत्याला आठवंना." मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "आमी जगलेल्यांचीच नावं सांगत आलो की."

वाद मी जिंकला होता, आणि मला तो जिंकायचा नव्हता. तुला तुझ्या रक्ताचा आधार होता. तो काढून घेतल्यावर तू कशावर उभी राहशील याची मला भीती वाटत होती. पण तू वेगळंच केलंस. माझा हात घेतलास आणि आपल्या छातीवर ठेवलास. मांजर झोपेत घुरघुरतं तशी थरथर हाताला लागली. "बगा," तू म्हणालीस, "आत कुणीतरी दळतंय." आवाजात भीती नव्हती, नवल होतं. एवढी वर्षं आपल्याच अंगात चाललेलं काहीतरी पहिल्यांदा भेटावं तसं.

त्या हिवाळ्यात गिरिजाला ताप आला. शाळेतून आली ती घोटा धरून, दुसऱ्या दिवशी गुडघा, मग दुसरा गुडघा. मी डॉक्टरांकडे धावलो. तुझ्या गावाकडची माणसं भेटायला आली, त्यांनी पोरीचं कपाळ चाचपलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "आमच्या वळणाची पोर हाय ही. चार दिसांत उठून पळंल."

तू लोडाला टेकून बसली होतीस. तुझ्या तोंडून शब्द सावकाश यायचे तेव्हा.

"मी बी उठले होते," तू म्हणालीस.

एवढंच.

मग तू जे केलंस ते मी विसरणार नाही. गिरिजाचा ताप आठवड्याभरात उतरला, सूज ओसरली, पोर उठायला बघू लागली. तू उठू दिलं नाहीस. दोघींच्या बाजा अंगणात कडुलिंबाखाली शेजारी शेजारी टाकून घेतल्यास. ती आडवी, तू लोडाला टेकलेली. ती चिडायची, रडायची, पाय आपटायची. "मला काही झालं नाही, आई!" तू तिचा पाय धरून ठेवायचीस. तुझ्या हातात जोर नव्हता, पण ती तो सोडवून घ्यायची नाही.

तो हिवाळा मला एका लांब स्वप्नासारखा आठवतो. सकाळचं कोवळं ऊन दोन बाजांवर पसरलेलं. पिवळी पानं गोधडीवर पडत असायची. दुपारी दुकानातून आलो की तुमच्या दोघींचं हळू बोलणं ऐकू यायचं, शेताचं, शाळूचं, अज्जीच्या म्हशीचं. तू गोष्टी सांगताना मध्ये दम घ्यायचीस, आणि गिरिजा त्या थांबण्यात पुढचं वाक्य स्वतः घालायची. मग कुठलं वाक्य कुणाचं ते कळेनासं व्हायचं. संक्रांत आली. गड्ड्याच्या वाजंत्रीचा आवाज तळ्याच्या बाजूनं वाऱ्यावर यायचा आणि विरायचा. सारं सोलापूर तिकडे होतं. तुम्ही दोघी बाजेवर पडून फक्त ऐकत होतात. अव्वानं तिळगूळ आणून दोघींच्या हातावर ठेवला आणि तीही तिथंच जमिनीवर बसली. मला वाटलं, हे असंच राहिलं तरी चालेल. कुणी बरं व्हायला नको, कुणी जायला नको. अशी दुपार कधी संपूच नये.

होळीनंतर डॉक्टर आले. गिरिजाच्या छातीवर नळी लावली, इकडून, तिकडून, पुन्हा इकडून. म्हणाले, "दार नीट उघडतंय, नीट मिटतंय. आवाज स्वच्छ आहे." तू तोंड भिंतीकडे वळवलंस. मला अण्णा आठवले, पण तू रडत नव्हतीस. मी वाकून पाहिलं तर तू झोपली होतीस. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा इतकी गाढ.

आणि वैशाखात, अशाच एका दुपारी, माग चालू असताना, तू लोडाला टेकल्या टेकल्याच गेलीस. मी शेजारी होतो. मला वाटलं, डोळा लागला आहे. मी पंख्यानं वारा घालत राहिलो. किती वेळ, मला ठाऊक नाही. अव्वानं येऊन माझा हात धरला तेव्हा मी थांबलो.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो, तुझ्या कपाळावर भस्म, तळहातावर लिंग, आणि मनात विचित्र विचार आला की तुला हेच सोयीचं आहे. वर्षभर तुला आडवं होता आलं नव्हतं. मी तसं कुणाला बोललो नाही. तुला सांगतो आहे.

खूप काही तुला सांगायचं राहिलं. त्यातलं एक हे की माझी मरणाची भीती कधी गेली ते मला कळलं नाही. मला वाटत होतं, ती आत कुठेतरी बसलेली असेल. मध्यंतरी मी तिला शोधायला गेलो आणि ती नव्हती. तुझ्या माहेरच्या रक्तानं हे झालं असं तू म्हणशील. मी म्हणेन, रक्तानं नव्हे, तुझ्या वागण्यानं. हा वाद आता मी एकट्यानं कसा करू?

परवा तुझे वडील आले. एवढ्या उन्हात, म्हातारा माणूस, गाडीनं. गिरिजानं त्यांचे पाय धुतले. जेवण झालं. ते पडवीत बसले आणि आलेल्या प्रत्येकाला सांगितलं असेल तेच मला सांगू लागले. "आमच्या घरात असं कधी झालं न्हवतं, पाव्हणं. कधी न्हाय."

माझ्या ओठांवर अज्जीच्या त्या बहिणीची गोष्ट आली होती. मी बोललो नाही. पण गिरिजा त्यांच्याशेजारी बसली होती, आणि तिनं विचारलं, "अज्जा, आईला ताप आला होता ना लहानपणी? तेव्हा काय झालं होतं?"

"उठली की," ते म्हणाले. "लोखंडाची हुती."

"उठायच्या आधी काय झालं होतं?"

मला वाटलं, विषय बदलतील. हातातलं सुपारीचं खांड त्यांनी तसंच धरून ठेवलं. मग तिच्याकडे न बघता सांगू लागले. एके दिवशी तुझा श्वास असा झाला की सगळे म्हणाले, आता संपलं. तेव्हा भर दुपारी त्यांनी तुला धोतरात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि अक्कलकोटची वाट धरली, गाडी जुंपायला थांबले नाहीत. वाटेत ओढ्याला पाणी आलं होतं. पाण्यात शिरले. पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "अप्पा, आपुन कुटं चाललो?" ते म्हणाले, "जत्रंला." तू म्हणालीस, "मंग हळू चाला की, मला बगू द्या."

सुपारीचं खांड त्यांनी बाजूला ठेवलं.

"भ्यालो हुतो मी, पोरी," ते गिरिजाला म्हणाले. "लई भ्यालो हुतो. ती उठली तवा माजी अव्वा, तुज्या आईची अज्जी, म्हणाली, आता ह्ये तोंडानं काढायचं न्हाय. मंग आमी काढलंच न्हाय."

मग ते बोलतच राहिले. त्या पावसाळ्याचं सगळं. तुला काय भरवलं, कोण कोण रडलं, कोणत्या देवाला काय बोलले. अंधार पडेपर्यंत गिरिजा त्यांना एक विचारत होती आणि ते दोन सांगत होते. निलव्वा, तुला ठाऊक नव्हतं. लोखंडाची म्हणून ज्यांनी तुला मोठं केलं, तेच त्या ओढ्यात भ्याले होते. तुझ्यावर किती जीव होता त्यांचा! ते तुला कुणी सांगितलं नाही, तू बरी आहेस एवढंच सांगितलं.

आज सकाळी ते परत निघाले. गिरिजानं हट्ट धरला की अज्जांबरोबर गावी जायचं, पंचमीपर्यंत राहायचं. अव्वानं माझ्याकडे बघितलं, तेच जुनं बघणं. मी हो म्हणालो. गिरिजानं गाठोडं बांधलं, अव्वाच्या पाया पडली, माझ्या पडली. अज्जा टांग्यात बसले होते. वर माडीवर तिचं काहीतरी राहिलं म्हणून ती जिना चढून गेली, आणि खाली येताना दोन दोन पायऱ्या टाकत धावत आली.

मी तिला "हळू" म्हणालो नाही.